गंज

होल्ब्रुकच्या मागे, रुळांच्या पलीकडे,
एलुईझ एत्सिटीची पत्र्याची शेड आहे.
आत एक करवत. पात्याच्या धारेला हिऱ्याची कच,
वरून तेलाची बारीक धार.
एका ओंडक्याला अख्खी दुपार जाते.
घाई केली की पातं वाकतं.

मी फक्त गाडी चालवतो.
हाल्वरसनच्या रँचवरून झाडं आणायची,
तिच्या अंगणात उतरवायची.
झाडंच म्हणतो मी.
साल आहे, गाठी आहेत,
फांदी मोडली तिथला खड्डासुद्धा आहे.
नवा माणूस हमखास फसतो:
एका हाताने उचलायला वाकतो
आणि दुसऱ्या हाताने कंबर धरतो.
एलुईझ हसत नाही.
"बावीस कोटी वर्षं आहेत त्यात," म्हणते,
"एकट्याने उचलू नये."

बाहेरून पाहाल तर मातकट.
काप निघाला की ती साबणाने तेल काढते,
मग बादलीत बुचकळते,
कारण कोरडा दगड काही बोलत नाही.
आणि पाण्याखाली हळूहळू
डाळिंबी.
डाळिंबीला लागून शेंदरी,
कडेला हळद सांडावी तशी एक रेघ,
गाभ्याकडे अंजिरी, अंजिरीच्या पोटात काळं,
आणि मध्येच एक कोरा पांढरा तुकडा,
जिथे झाडाला बहुधा काही सुचलं नव्हतं.

तिचा भाचा डेल्बर्ट विचारतो, हे रंगवलं कुणी?
ती दाराबाहेरच्या पिकअपकडे बोट करते.
चाकावरचा पत्रा कुरतडून
जाळी झालीय त्याची.
"त्यानेच. गंजाने.
माझी गाडी खाल्ली मेल्याने,
इथे मात्र चित्रं काढत बसला."

तिची आई या दगडांना शिवायची नाही.
मारलेल्या राक्षसाची हाडं म्हणायची,
आणि हाडांशी खेळू नये.
करवत सुरू करण्याआधी
एलुईझ क्षणभर ओंडक्यावर तळहात ठेवते.
का, ते मी विचारलेलं नाही.
सहा वर्षं झाली.

परवा हाल्वरसनला टेबल हवं होतं,
डाग नको, भोक नको.
दोन काप छान निघाले.
तिसऱ्यात एक वाट होती.
काडीएवढी जाड, निळसर राखाडी भरलेली,
सालीपासून आत गेलेली,
वळलेली, पुन्हा वळलेली.
कुणीतरी खात खात गेलं होतं तिथून.
भुंगा असेल. अळी असेल.
तेव्हा इथे चिखल होता म्हणे, मोठी नदी होती,
झाड पडलं, पाण्याबरोबर आलं, गाळात बुडालं,
आणि हा आत. जेवत.

आम्ही तिघे त्या कापावर वाकलो.
वाट काठापर्यंत येत होती
आणि तिथे करवतीने तोडलेली.
पुढे काय झालं ते चौथ्या कापात होतं.
तो बाहेर पडला की नाही,
अजून एक काप, इतकंच.
डेल्बर्टचा हात बटणाकडे गेला.

एलुईझने वायरच काढली भिंतीतून.
"मालकाला सांग, भेग निघाली."
"भेग नाहीये पण."
"सांग."

उरलेला ओंडका आता दाराशी असतो,
वाऱ्याने दार आपटू नये म्हणून.
येता-जाता मी त्याच्या बाजूने जातो, वरून नाही.
संध्याकाळी ऊन तिरकं आत येतं,
कापलेल्या तोंडावर पडतं,
आणि बाहेरचे डोंगर, ते पट्ट्यापट्ट्यांचे,
तेही त्याच वेळी तसेच होतात,
पण त्यांच्याकडे तेव्हा कुणी बघत नाही.

माझ्या सदऱ्यावर एक डाग पडलाय.
धुतला की आणखी शेंदरी होतो.
त्या ओंडक्याचा की पिकअपचा,
मला सांगता येत नाही.